ठसा, शाई आणि मुक्ती

छापचित्र म्हणजे ठशावरून कागदावर उतरवलेले चित्र. चित्रकार आधी लाकूड, लिनोलियम, धातूचा पत्रा, दगड किंवा चौकटीवर ताणलेले कापड यांपैकी एखाद्या पृष्ठभागावर चित्र तयार करतो, त्याला शाई लावतो आणि त्यावर कागद दाबून प्रत काढतो. तैलचित्र एकच असते. ज्याने ते विकत घेऊन भिंतीवर लावले त्याचे ते झाले. ठशावरून मात्र पन्नास, शंभर, कधी हजारो प्रती निघतात आणि त्यांतली प्रत्येक प्रत अस्सल असते. या एका गुणामुळे गुलामगिरीविरुद्ध, परक्या सत्तेविरुद्ध, भुकेविरुद्ध किंवा जातीविरुद्ध ज्यांना काही सांगायचे होते ते चित्रकार पुन्हा पुन्हा या माध्यमाकडे वळले. मराठी मुलखातही हे घडले. इथे मुक्तीचे दोन अर्थ होते: परक्या राज्यापासून मुक्ती आणि आपल्याच समाजाने लादलेल्या बंधनांपासून मुक्ती. पहिल्या अर्थाची चित्रे शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली. दुसऱ्या अर्थाच्या चित्रांकडे मात्र मराठी वाचकाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि या कलेचा खरा कस तिथेच लागला आहे.

छापण्याच्या पद्धती मुख्यतः चार. लाकूड किंवा लिनो कोरताना जो भाग कोरून काढला तो कागदावर पांढरा राहतो आणि जो उंच राहिला त्यावरच शाई बसते. एचिंगमध्ये नेमके उलटे होते. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर अणकुचीदार सुईने रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. जिथे मेण खरवडले गेले तिथे आम्ल धातू खाते. त्या खाचांत शाई भरून, वरचा पत्रा पुसून, ओलसर कागदासह तो जड रुळांखालून काढला की खाचांतली शाई कागद ओढून घेतो. शिळाछाप म्हणजे लिथोग्राफी. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर ती चालते. चौथी स्क्रीन छपाई. तिच्यात ताणलेल्या कापडातून रबरी पट्टीने शाई खाली दाबतात. लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्यांमुळे ती आज गावोगावी ओळखीची आहे.

या सर्वांत लिनो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा. जवसाचे तेल आणि बुचाच्या झाडाचा भुगा तागाच्या कापडावर बसवून केलेली ही चादर मुळात फरशीवर अंथरण्यासाठी निघाली. तिच्यावर खडूने किंवा पेन्सिलीने चित्र काढायचे, तेही उलटे, कारण छापल्यावर डावे ते उजवे होते. अक्षरे असतील तर तीही उलटीच कोरावी लागतात. नवशिक्याचा पहिला गोंधळ हमखास इथे होतो. लिनो उन्हात थोडा तापवला की मऊ पडतो. मग इंग्रजी व्ही किंवा यू आकाराच्या टोकाच्या कोरणीने रेघ पुढे ढकलत न्यायची, दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवायचा. काचेवर शाई पसरून रबरी रुळाने ती पातळ करायची, रूळ ठशावरून दोन-तीनदा फिरवायचा, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने चहूकडून घासायचे. कागदाचा एक कोपरा उचलून पाहायचा. काळे कुठे फिके राहिले असेल तर कागद न हलवता तेवढेच पुन्हा घासायचे. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लिनोत करड्या छटा सहज येत नाहीत. काळे आणि पांढरे एवढेच हाती असते. त्यामुळे चित्रकाराला जे सांगायचे ते ठामपणे सांगावे लागते, आणि वाचता न येणाऱ्या माणसालाही ते लांबून दिसते.

महाराष्ट्रात कोरीव ठशांवरून छापण्याची सुरुवात चित्रांपेक्षा अक्षरांनी झाली. नाना फडणीसांच्या काळात पुण्याच्या तांबटांकडून देवनागरी अक्षरे कोरून घेण्याचा प्रयत्न झाला. पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता छापली गेली. १८४१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढले. छपाईने धर्म बाटतो असे मानणाऱ्या घरांतही त्यामुळे छापील कागद शिरला. चित्रे घरोघरी नेण्याचे काम मात्र १८७८ मध्ये पुण्यात निघालेल्या चित्रशाळेने केले. विष्णुशास्त्री चिपळूणकर तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढे टिळकांचे सहकारी वासुकाका जोशी यांनी ती चालवली. रामपंचायतनासारखी देवादिकांची रंगीत चित्रे चित्रशाळेने काढली आणि त्यांच्याबरोबर शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणीस यांचीही काढली. राजकीय भाषणावर सरकारचा पहारा होता. भिंतीवरच्या चित्रावर इतका नव्हता. घरात देवाशेजारी मराठेशाहीतला पुरुष टांगला गेला की आपले राज्य होते आणि ते गेले, एवढे न बोलता समजत असे. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना आधी गिरगावात निघाला आणि नंतर मळवलीला गेला. त्याने या व्यवसायाला देशभराची बाजारपेठ दिली. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी त्याच्यासाठी काम करत होते. चित्रांची ताकद सरकारच्या लक्षात यायला वेळ लागला. १९१० च्या प्रेस कायद्याने मात्र लेखाबरोबर चित्र, छायाचित्र आणि कोणतीही दृश्य आकृती आपल्या कक्षेत घेतली.

चित्रशाळेचे काम मोठे होते यात शंका नाही. पण तिच्या चित्रांतले स्वातंत्र्य गेलेल्या राज्याचे होते, आणि त्या राज्यात ज्यांना गावाबाहेर राहावे लागले त्यांना त्या चित्रांत जागा नव्हती. चित्रशाळा निघण्याच्या पाच वर्षे आधी, १८७३ मध्ये, त्याच पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. ज्या गुलामगिरीविरोधी चळवळीकडे फुले आदराने पाहत होते, तिच्यात छापचित्रांचा वाटा मोठा होता. १७८८-८९ मध्ये इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी ‘ब्रूक्स’ नावाच्या गुलामवाहू जहाजाचा आराखडा छापून वाटला होता. तक्त्यावर एकाला एक चिकटून निजवलेली माणसे, वखारीत माल रचावा तशी.  आराखडाच पुरेसा होता. पुस्तक, पोवाडा, वर्तमानपत्र ही फुल्यांची साधने होती. त्यांच्या विचारांना साजेशी चित्रे छापणारा कारखाना मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि ही उणीव पुढे शंभर वर्षे जाणवत राहिली.

दरम्यान जगात या माध्यमाने चळवळीचे रूप घेतले होते. जर्मनीत केथे कोल्विट्झ हिने विणकरांचे बंड आणि शेतकऱ्यांचे युद्ध या विषयांवर छापचित्रांच्या मालिका केल्या. तिच्या चित्रांतल्या आया मेलेल्या मुलांना अशा धरून असतात की त्यांचे हात विसरता येत नाहीत. चिनी लेखक लू शुन याने तिची चित्रे आपल्या देशात प्रसिद्ध केली आणि १९३१ मध्ये शांघायला तरुण चित्रकारांसाठी लाकूडकोरणीचा वर्ग भरवला. जपानी आक्रमणाच्या काळात चीनच्या गावोगावी पोहोचलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रांची ती सुरुवात होती. मेक्सिकोत १९३७ मध्ये लिओपोल्दो मेंदेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’, म्हणजे लोकांची छापचित्रशाळा, काढली. कामगार संघटनेला पत्रक हवे असेल, साक्षरता मोहिमेला चित्र हवे असेल, तर ती मागणी शाळेत येई. कच्च्या चित्रावर सगळे मिळून टीका करत आणि मगच ते कोरले जाई. चित्रकार आणि ज्यांच्यासाठी चित्र काढायचे ते लोक यांनी एकत्र बसून काम करावे, हा आजच्या समाजसंलग्न कलेचा गाभा. तो तिथे आधीच दिसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध शेजारच्या बोट्स्वानात ‘मेडू’ नावाचा कलासमूह स्क्रीन छपाईने पोस्टर काढून चोरवाटेने सीमेपार पाठवत असे. १४ जून १९८५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने गॅबोरोनवर छापा घातला. मारले गेलेल्यांत या समूहाचा चित्रकार थामी म्निएले होता. पोस्टर काढणाऱ्याला सैन्य पाठवून मारावे लागते, यावरून कागदाचे वजन कळते.

भारतात स्वातंत्र्यलढ्यातले सर्वांत गाजलेले छापचित्र लिनोचेच आहे. दांडी यात्रेवेळी, १९३० मध्ये, नंदलाल बोस यांनी कोरलेले काठी घेऊन निघालेले गांधीजी. मोजक्या पांढऱ्या रेघा, बाकी काळे. याच नंदलालबाबूंनी १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाची सजावट बांबू आणि गावातच मिळणाऱ्या वस्तूंनी केली होती. पण मुंबईत राहून या माध्यमाला आयुष्य देणारा माणूस दुसरा होता. चित्तप्रसाद. १९१५ मध्ये बंगालमध्ये जन्मलेला हा चित्रकार आपले भट्टाचार्य हे ब्राह्मणी आडनाव लावत नसे. १९४३ च्या दुष्काळात तो मिदनापूर जिल्ह्यातून पायी हिंडला. वाटेत दिसलेल्या माणसांची चित्रे आणि टिपणे त्याने ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेत दिली. सरकारने तिच्या जवळपास सगळ्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. १९४६ मध्ये तो मुंबईत आला आणि पुढची तीसेक वर्षे अंधेरीच्या एका साध्या खोलीत राहिला. ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह त्याचेच.

चित्तप्रसादची सर्वांत टोकदार मालिका लहान मुलांची आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लिनोवर कामाला जुंपलेली, रस्त्यावर वाढणारी मुले कोरली आणि मालिकेला परीकथा नसलेले देवदूत अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. देश स्वतंत्र झाल्यावरची ही चित्रे आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. स्वतःपेक्षा मोठे ओझे उचललेले पोर, थकून बसल्या जागी झोपलेले पोर. डोळे मोठे, हात कामाने जाड झालेले. ही मुले दया मागत नाहीत. पाहणाऱ्याकडे सरळ पाहतात.  १९६९ मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने ही मालिका छापली. १९७८ मध्ये तो गेला तेव्हा मुंबईच्या कलाबाजारात त्याचे नाव फारसे कुणी घेत नव्हते. आज त्याची चित्रे लिलावात मोठ्या किमतीला जातात. स्वस्त कागदावर सर्वांसाठी छापलेल्या चित्राचे हे व्हावे, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

जातीच्या प्रश्नावर मराठीत छपाईचे खरे बळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांतून उभे राहिले: ‘मूकनायक’ १९२०, ‘बहिष्कृत भारत’ १९२७, ‘जनता’ १९३०, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६. ही पत्रे मुख्यतः अक्षरांची होती. चित्राचे काम लोकांनीच हाती घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर विदर्भातल्या वस्त्यांमध्ये देवदेवतांच्या तसबिरी उतरल्या आणि त्यांच्या खुंटीवर बुद्ध आणि निळ्या सुटातले बाबासाहेब आले. दीक्षाभूमीवर किंवा सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जो बाजार भरतो, त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चादरीवर मांडलेली ही छापील चित्रे, दिनदर्शिका, बिल्ले आणि पुस्तिका खरेदी करायला माणसे लांबून येतात. भंडारा, गोंदियाकडून येतात, तशी बालाघाटकडूनही येतात. कलासमीक्षक या चित्रांना कॅलेंडरची चित्रे म्हणून बाजूला सारतात. ते चूक आहे. मंदिरात प्रवेश नसलेल्या माणसाने आपल्या भिंतीवर आपल्या माणसाचे चित्र लावणे, ही विसाव्या शतकातल्या मराठी समाजातली सर्वांत मोठी दृश्य क्रांती होती, आणि ती ऑफसेट छपाईच्या स्वस्त कागदाने घडवली.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्यासमोर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे उदाहरण होते. त्या संघटनेच्या वर्तमानपत्रात एमरी डग्लस हा चित्रकार जाड रेघांची, एक-दोन रंगांची चित्रे देत असे आणि तीच चित्रे वस्तीच्या भिंतींवर चिकटवली जात. मराठीत कविता, अनियतकालिक आणि सायक्लोस्टाइल केलेली पत्रके यांनी हे काम केले. कवितेच्या मानाने चित्र मागे राहिले.

ती उणीव भरून काढणाऱ्यांत ठळक नाव नागपूरच्या सवी सावरकर यांचे. १९६१ मध्ये जन्मलेले सावरकर नागपुरात शिकून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात छापचित्रणाच्या शिक्षणासाठी गेले आणि पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांच्या एचिंगमध्ये एक माणूस पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या गळ्यात मडके असते, पाठीमागे झाडू. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून मडके आणि त्याची पावले पुसली जावीत म्हणून झाडू बांधावा लागे, असे आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या प्रबंधात लिहिले आहे. सावरकरांनी ते वाक्य धातूवर उतरवले. शरीर वाकलेले, डोळे मात्र मिटलेले नाहीत. भोवतीचा काळा रंग आम्लाने खाऊन खाऊन आणलेला, खरबरीत. देवाला सोडलेल्या देवदासीही त्यांच्या चित्रांत येतात, आणि तिथे भक्तीचा लवलेश नसतो. चित्रशाळेच्या चित्रातली भरजरी पेशवाई आणि सावरकरांच्या चित्रातली ही पेशवाई शेजारी शेजारी ठेवून पाहावी. चित्रातले शहर एक, काळ एक, माध्यम छपाईचेच. दोन चित्रांच्या मध्ये सुमारे शंभर वर्षे आहेत आणि कोण बघतो आहे हा फरक आहे. मराठी इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ही दोन चित्रे समोरासमोरच्या पानांवर यायला हवीत.

एक अडचण इथे सांगितली पाहिजे. कलादालनाच्या व्यवहारात छापचित्राच्या प्रती मोजक्याच काढतात, खाली पेन्सिलीने ५/२५ असा क्रमांक घालतात आणि कधी कधी काम झाल्यावर ठसा खोडून टाकतात, म्हणजे किंमत टिकते. चित्रकाराचे पोट त्यावर चालते, हे खरे. पण ज्या गुणासाठी हे माध्यम निवडले तोच त्यात बांधला जातो. सावरकरांची चित्रे अभ्यासकांच्या ग्रंथांत पोहोचली; ज्या वस्त्यांची ती कहाणी आहे तिथे ती फार थोडी दिसतात.

ही कोंडी फोडण्याचा एक चांगला प्रयत्न मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकारांच्या हातून झाला. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी चितारलेले ‘भीमायन’ हे आंबेडकरांचे चित्रचरित्र २०११ मध्ये निघाले. महूला जन्मलेल्या बाबासाहेबांचे बालपण, पाणी नाकारले जाणे, महाडचे चवदार तळे हे सारे त्यात गोंडांच्या भिंतीवरच्या नक्षीच्या भाषेत येते. पानावर चौकटी नाहीत. गोड बोलणाऱ्याच्या शब्दांभोवती पक्ष्याचा आकार आहे, तर जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. जुन्या प्रसंगांशेजारी आजच्या अत्याचारांच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या आहेत, त्यामुळे हा इतिहास संपलेला नाही हे मुलालाही कळते. आदिवासी चित्रकारांनी दलित नेत्याचे चरित्र आपल्या हाताने सांगावे आणि ते हजारो प्रतींत वाचकाकडे जावे, ही समाजसंलग्न कलेची उत्तम रीत. दुर्गाबाईंचा सहभाग असलेले ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे पुस्तक तर चेन्नईला हातकागदावर, हाताने स्क्रीन छपाई करून काढले जाते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले खैरलांजी हे तहसिलीचे गाव नागपूरकडची आंबेडकरी छापचित्रे आणि गोंडांची चित्रे या दोन्ही परंपरांच्या मधोमध आहे. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. मराठी, पोवारी आणि हिंदी इथे एका घरात बोलल्या जातात. जिल्ह्याच्या पूर्वेला बैहरच्या बाजूला गोंड आणि बैगा राहतात. ज्या तांब्याच्या पत्र्यावर एचिंग होते, ते तांबे याच जिल्ह्यात मलाजखंडच्या खाणीतून निघते. याच राज्यात भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून छापचित्रांची कार्यशाळा आहे. नावाबाबत वाचकांची नेहमी गफलत होते म्हणून सांगायला हवे: २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली ते खैरलांजी हे नव्हे, ते भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात आहे. पण त्या नावाचा भार या गावालाही टाळता येत नाही. आनंद तेलतुंबडे यांनी त्या हत्याकांडावर पुस्तक लिहिले. मुलांनी स्वतः कोरलेल्या चित्रांतून मात्र हा विषय अजून यायचा आहे.

त्यासाठी मोठा खर्च नाही. एका वर्गाला लिनोचे काही तुकडे, चार कोरण्या, एक रूळ, छपाईची काळी शाई आणि घरातले चमचे पुरतात. विषय बाहेरून आणायला नकोत: धानाची रोवणी, तेंदूपत्त्याचा हंगाम, गावातली विहीर आणि तिच्यावर कोण आधी पाणी भरतो, नागपूरला कामाला गेलेला भाऊ. खैरलांजी, वारासिवनी, तुमसर, तिरोडा इथल्या शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी येत्या सत्रात एक महिना एवढे करून पाहावे, आणि निघालेल्या प्रती दालनात न मांडता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावाव्यात.